मागं कोन रायलं?

तारणघाटात नावाड्याकडे सोपवलेल्या वस्तूची पावती मागत नाहीत. तांदळाचं पोतं असो, लेकीच्या सासरी धाडायचा फराळ असो की पैलतीरावरच्या वैद्याकडे द्यायची निरोपाची चिठ्ठी असो. वस्तू नावेत ठेवायची, नावाड्याने "पोचवतो" म्हटलं की पाठ फिरवायची आणि घरी जायचं. काठावर रेंगाळून बघत बसणाऱ्याला सगळा घाट हसे. आणि पावती मागणं म्हणजे तर नावाड्याला तोंडावर चोर म्हणणं. तशी कोणी मागितल्याचं गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आता अशा गावातली मुलगी पुण्याला येते, जमिनीच्या नकाशांच्या सरकारी कचेरीत चिकटते आणि सगळी हयात "लेखी द्या" म्हणण्यात घालवते, याला नशिबाची थट्टा म्हणायचं नाहीतर काय! आम्रपाली गजभिये कचेरीत 'लेखी बाई' म्हणूनच ओळखल्या जात. त्यांच्या टेबलाशी तोंडी बोलणं चालत नसे. "बाईंच्या घरी चहा हवा असेल तर अर्ज दोन प्रतींत करावा लागतो," असं एक सहकारी त्यांच्या समोरच म्हणत असे, आणि बाई त्यावर न हसता "तीन," असं सांगत.

तर या लेखी बाईंनी, घरातली एकमेव वस्तू जिच्यावर त्यांचा खरा जीव होता, ती नुसत्या शब्दावर देऊन टाकली. कारण मागणारी होती मुक्ताई. नागोराव नावाड्याची मुक्ताई.

वस्तू म्हणजे एक दगड. दीड हात लांब, हातभर रुंद, काळसर. त्यावर दोन पावलं कोरलेली आणि पावलांच्या तळव्यांत चक्रं. झिजून झिजून बोटं पुसट झाली होती, पण उन्हं तिरपी आली की चक्रांच्या आऱ्या दिसत.

तारणघाट वैनगंगेच्या काठचं. आज तिथे उतरणाऱ्याला देवळं दिसतात, घाटाच्या पायऱ्या दिसतात, अस्थी घेऊन आलेली माणसं दिसतात, आणि "ही विदर्भाची काशी" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. (नदीकाठच्या दर दुसऱ्या गावाला आपण काशी असल्याचा साक्षात्कार झालेला असतो, ते सोडा.) पण काशी होण्याच्या फार आधी ते बंदर होतं. पावसाळा ओसरला की तांदूळ, लोखंड आणि मणी भरून इथून नावा खाली गोदावरीपर्यंत जात. व्यापारी उतरत, टेकाडावरच्या विहारात मुक्काम करत, जाताना दान देत. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून नुसती पावलं कोरत. पुढे विहार ढासळला, वर देवळं उभी राहिली, आणि टेकाडाच्या पायथ्याची वस्ती तेवढी त्या दगडाला धरून राहिली.

ती वस्ती आम्रपालीची. तिच्या आजोबांच्या काळात या लोकांना घाटाच्या पायरीवर पाय ठेवायची बंदी होती. त्यांना आपला असा हा दगडच. बायका त्याला 'मायची पावलं' म्हणत आणि पाण्याने धूत. छप्पन साली वस्तीने धम्म स्वीकारला. नंतर नागपूरहून आलेल्या एका अभ्यासकाने गुडघ्यावर बसून दगड पाहिला आणि सांगितलं की ही पावलं कोणाची. त्या दिवशी आम्रपालीचा बाप ढसाढसा रडला. ज्या गावाने आपल्याला पायरीवर चढू दिलं नाही, त्या गावाची पहिली पायरीच आपल्या अंगणात होती, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

धरणाचं पाणी तुंबून वर चढत आलं आणि वस्ती बुडणार हे ठरलं, तेव्हा बापाने भांड्यांच्या आधी दगड उचलला. तो थेट बिबवेवाडीला लेकीच्या फ्लॅटवर आणला. लिफ्टमधून दगड न्यायला वॉचमनने हरकत घेतली, तर म्हातारा म्हणाला, "मंग मी बी दगडच समज आन दोघांले बी नको नेऊ." गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीशेजारी दगड बसला. दर पौर्णिमेला म्हातारा त्यावर फूल ठेवी. पुढे तो गेला आणि फूल ठेवणं आम्रपालीकडे आलं.

आणि मुक्ताई? ती वरच्या अंगाच्या ढीवरवाड्यातली, म्हणजे नावाडी-कोळ्यांच्या वस्तीतली. दोघी एकाच वर्गात, आणि शाळा पैलतीरावर. रोज नागोरावच्या नावेतून जायचं. नाव सोडण्याआधी नागोराव वल्हं उभं धरून हाळी देई, "मागं कोन रायलं?" सगळ्यांनी म्हणायचं, "कोनी नाही!" असं तीनदा. कोणी "मी" म्हटलं, की तो चढेपर्यंत नाव हलत नसे. पैलतीराला टेकली की सगळ्यांनी एकदम "पोचलो!" म्हणायचं. घाटावर सोवळंओवळं कितीही असो, नागोरावच्या हाळीत सगळं गाव येई. आणि एक गोष्ट कधी व्हायची नाही. विचारणारा स्वतः कधी उत्तर देत नसे. ते नावेत बसलेल्यांचं काम.

एकदा आम्रपालीला उशीर झाला. ती टेकाडावरून धावत होती आणि नावेतल्या एका पुजाऱ्याने म्हटलं, "सोड रे, ती येईल पोहत." लोक हसले, "कोनी नाही" म्हणाले. तेवढ्यात नावेतून एक चिरका आवाज आला, "आमू रायली! माही आमू रायली!" नागोरावने वल्हं खाली ठेवलं आणि बिडी पेटवली. आम्रपाली धापा टाकत चढली तेव्हाच नाव सुटली. मुक्ताईने सरकून तिला जागा दिली. या एका हाकेवर आम्रपालीने पुढचं सगळं आयुष्य मुक्ताईवर विश्वास ठेवला. माणसं याहून कमी भांडवलावर लग्नं करतात.

मुक्ताईही पुढे पुण्यात आली. मुलगा चाकणच्या कारखान्यात, आणि ती धायरीला विदर्भातल्या पोरांना डबे करून देई. थंडीत तारणघाट मित्रमंडळाची खडकवासल्याला सहल निघे, तेव्हा धरणाच्या पाण्याकडे तोंड करून मुक्ताईच हाळी देई आणि भजी खाणारी माणसं चमकून बघत.

या मंडळाने यंदा प्रदर्शन ठरवलं, 'तारणघाट: बंदर ते तीर्थ'. अध्यक्ष इंद्रजीत देशकर. त्यांचं घराणं गावच्या देवस्थानाचं विश्वस्त. माणूस गोड. इतका गोड की बोलून झाल्यावर हात धुवावासा वाटे. इतिहासाचे तीन मोठे फलक आम्रपालीबाईंनी लिहिले: बंदर, विहार, तीर्थ. त्यात विहाराचा मधला फलक लिहिताना त्या तीनदा उठून गॅलरीत गेल्या होत्या.

मग एका रविवारी मुक्ताई टेम्पो घेऊन दारात आली.

"आमू, दगड दे. मधल्या फलकापुढं ठेवू. लोकायले डोळ्यानं दिसू दे ना वं."

दीक्षा, म्हणजे आम्रपालीची मुलगी, आयटीतली, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, अ‍ॅट लीस्ट मंडळाकडून एक मेल घे. अ‍ॅक्नॉलेजमेंट. तूच शिकवलंयस."

"गप," आम्रपाली म्हणाली. "ही नागोरावकाकाची मुलगी आहे."

दोघींनी मिळून दगड गोधडीत गुंडाळला. खाली टेम्पोत ठेवल्यावर मुक्ताईने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोचवतो." बाईमाणूस असून 'पोचवतो'च म्हणाली, बाप म्हणायचा तसं. आम्रपालीने पाठ फिरवली आणि जिना चढून वर आली. रिवाज म्हणजे रिवाज.

प्रदर्शन स्वारगेटजवळच्या एका सभागृहात. आम्रपाली ठेवणीतली पांढरी साडी नेसून, दीक्षाला घेऊन रिक्षाने गेली. दारात गुलाबपाणी, सनई, ओळखीचे चेहरे. पहिला फलक बंदराचा. शब्द न शब्द तिचा. वाचताना बरं वाटलं. ती पुढे सरकली. पुढचा फलक तीर्थाचा होता.

तिला वाटलं, चुकून क्रम बदलला असेल. ती परत मागे गेली, परत पुढे आली. बंदर आणि तीर्थ. मध्ये कागदी झेंडूची माळ. बंदराच्या फलकाखाली दोन नवी वाक्यं चिकटवली होती: 'अशा या पुण्यभूमीत प्राचीन काळापासून भगवंतांच्या पदकमलांची पूजा होत आली आहे. ते दुर्मिळ शिळाशिल्प समोर दर्शनासाठी ठेवले आहे.'

समोर चौरंगावर लाल कापड होतं आणि त्यावर तिचा दगड. शेंदूर फासलेला. थापून थापून फासलेला, आऱ्या भरून जातील इतका. वर तुळशीची माळ. पाटी होती: 'श्रीविष्णुपाद, तारणघाट'. एक बाई नमस्कार करून बाजूला झाली, दुसरी पुढे आली. त्यांच्यावर रागवायचं तरी काय? त्या मनापासून हात जोडत होत्या.

"आई, हे..." दीक्षाने पाटीकडे बोट केलं.

आम्रपालीने हात पुढे केला आणि बोटाने शेंदूर पुसून पाहिला. तेलात कालवलेला शेंदूर, तो कसला निघतो! बोट तेवढं लाल झालं. बापाने भांड्यांच्या आधी उचललेला दगड.

"या या, बाई!" देशकर हात जोडून आले. "तुमच्यामुळे हा योग आला. नवा घाट बांधतोय ना आपण गावाला, तिथल्या मंदिरात पुढच्या महिन्यात प्रतिष्ठापना. दगडाचं सोनं झालं म्हणायचं."

"मधला फलक कुठे आहे?"

"जागा कमी पडली हो. आणि आपण वादाचे विषय कशाला काढा, नाही का? सगळे आपलेच."

"सगळे आपलेच असतील तर जागा कोणाची कमी पडली?"

देशकर हसले. अशा माणसांना उत्तर सुचलं नाही की हसू सुचतं. "मुक्ताबाईंशी सगळं बोलणं झालंय आमचं," ते म्हणाले. "त्यांना विचारूनच केलं."

हे वाक्य आम्रपालीच्या कानात शिरलं, पण आत उतरायला वेळ लागला. दीक्षाला तिथेच उभं करून ती रंगमंचामागच्या खोलीत गेली. मुक्ताई नवं हिरवं लुगडं नेसून, हातात बापाचं जुनं वल्हं घेऊन उभी होती. कार्यक्रमाची सुरुवात तिच्या हाळीने व्हायची होती. आम्रपालीला पाहून तिने आधी पदर सावरला, मग नजर.

"दगड पाहिला," आम्रपाली म्हणाली.

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

मुक्ताई वल्ह्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली. "नव्या घाटाले बाच्या नावाची पाटी लावून रायले, आमू. 'नागोराव नावाडी घाट'. दगडाची पाटी. बानं जल्मभर लोकं उतरवले, घाटावर त्याचं नाव कुठं हाये? इतक्या देवळायच्या भिंतीवर देणगीदार हायेत, नावाडी एक बी नाही. देशकर म्हने, दगड देवस्थानाले भेटला तं पाटी लावतो."

"म्हणून तू माझा दगड दिलास."

"तुह्या गॅलरीत कुंडीबाजूले पडून होता वं. थो तिथं गेला तं लोकं पाया तरी पडतीन."

"कोणाच्या पाया?"

एकाएकी मुक्ताईचा आवाज चढला, "तुमचं भलं झालं ना! शिकले, साहेब झाले, तुले अभ्यासकानं येऊन सांगतलं का तू कोन. आमाले कोनी सांगतलं? आमचं बी कायतरी राहू दे ना त्या गावात!"

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. नागोरावकाकाच्या पाटीसाठी आम्रपालीने स्वतः दारोदार फिरून सह्या गोळा केल्या असत्या. अर्ज तीन प्रतींत केला असता.

"मला विचारायचं होतंस."

"इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"हो."

"म्हनून नाही इचारलं."

इतकं सरळ उत्तर. टेकाडावरून धावणारी ती मुलगी, नावेतला तो चिरका आवाज, सरकून दिलेली जागा, सगळं आम्रपालीला आठवत होतं. बहुतेक मुक्ताईलाही आठवत असावं, कारण ती वल्ह्याकडेच बघत होती. बाहेर माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

आम्रपाली येऊन दीक्षाशेजारी मागच्या रांगेत बसली. दिवे मंद झाले. मुक्ताई रंगमंचावर आली, वल्हं उभं धरलं आणि नागोरावच्याच सुरात हाळी दिली, "मागं कोन रायलं?"

"कोनी नाही!" सभागृह गरजलं. पुण्यात जन्मलेली पोरंसुद्धा हौसेने ओरडली.

"मागं कोन रायलं?"

"कोनी नाही!"

"मागं कोन रायलं?"

आम्रपाली उभी राहिली. तिला भाषण करायचं नव्हतं. "मी," ती म्हणाली. "मी रायले."

माना मागे वळल्या. कोणाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असेल. तारणघाटच्या जुन्या माणसांना मात्र ठाऊक होतं की आता नाव हलत नाही. देशकर पहिल्या रांगेतून बोटाने 'पुढे चला' अशी खूण करत होते. मुक्ताई वल्हं धरून उभी होती, आणि मंद उजेडातही मागे उभी असलेली आमू तिला नीट दिसत होती. आम्रपालीला खात्री होती की ही आता वल्हं खाली ठेवणार. इतकं सगळं झाल्यावरही तिला खात्री होती. नागोरावची मुलगी आहे, दुसरं करणार काय?

मुक्ताईने डोळे मिटले. "कोनी नाही," ती स्वतःच म्हणाली, आणि वल्हं मारलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्रपाली खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. एवढ्या वर्षांत नावाड्याने स्वतःच्या हाळीला स्वतः उत्तर दिल्याचं तिने पाहिलं नव्हतं. दीक्षाने तिचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. त्या जिन्यावर पोचल्या तेव्हा आतून सगळ्यांनी एका सुरात "पोचलो!" म्हटल्याचं ऐकू आलं.

"आपण कम्प्लेंट करू," दीक्षा म्हणत होती. तिचे डोळे भरले होते. "पण आई, आपल्याकडे प्रूफ काय आहे? काहीच नाहीये ना."

तेवढ्यात मागून धावत्या पावलांचा आवाज आला. मुक्ताई. हातात वल्हं तसंच, लुगड्याचा सोगा सुटलेला.

"आमू, थांब ना वं. मी देशकरले सांगते, तुहं नाव बी पाटीवर टाकू म्हनून. देणगीदार म्हनून. आमू!"

आम्रपाली दोन पायऱ्या खाली थांबली आणि वळली. पदराच्या टोकाने तिने बोटाचा शेंदूर पुसला. तो पांढऱ्या पदराला लागला, तरी तिने तिकडे पाहिलं नाही. ती बोलली तेव्हा आवाज वैनगंगेचा नव्हता. कचेरीतल्या टेबलापलीकडून यायचा तो स्वच्छ, थंड, पुणेरी आवाज होता.

"मुक्ताबाई," ती म्हणाली, "आमचा दगड आपण ताब्यात घेतल्याची पावती हवी आहे मला. तारीख आणि सही घालून. लेखी द्या."

मुक्ताईच्या हातातलं वल्हं निसटलं आणि खडखडत पायऱ्या उतरून आम्रपालीच्या पायांशी येऊन थांबलं. आम्रपाली ते ओलांडून खाली उतरली. स्वारगेटच्या चौकात बिबवेवाडीची रिक्षा मिळायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.